एव्हरेस्ट डेटम आणि जीपीएस: जुळवणी का रखडली

1802 मध्ये मद्रासजवळ भारताच्या मोजणीची पहिली आधाररेषा (नेमकी लांबी मोजलेली सुरुवातीची रेषा) मोजली गेली आणि तिथून त्रिकोणांचे जाळे देशभर पसरले. ते जाळे 1830 च्या एव्हरेस्ट स्फेरॉइडवर (पृथ्वीचा आकार म्हणून मानलेल्या, ध्रुवांशी चपट्या गोलावर), मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला मूळ बिंदू धरून बसवले आहे. स्फेरॉइड आणि मूळ बिंदू मिळून होणारा हा संदर्भ म्हणजे एव्हरेस्ट डेटम. भारतापुरता तो स्फेरॉइड चांगला बसतो, पण त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून आठशे मीटरहून लांब पडते. त्यामुळे जुन्या शीटवरून घेतलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसमध्ये भरले, तर मुंबईच्या परिसरात शंभर मीटरहून अधिक फरक येतो.

फरक सगळीकडे सारखा असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण 1880 च्या सुमारास जाळ्याचे समायोजन (मोजणीतल्या चुका वाटून आकडे जुळवणे) पाच भागांत, एकामागून एक झाले. आधीचा भाग पक्का धरून पुढचा त्याला जोडला, त्यामुळे आधीच्या चुका पुढे सरकल्या. देशभर चालेल असा एकच पॅरामीटर संच (जुन्या डेटमवरून जीपीएसच्या डेटमवर नेणारे आकडे) मोजणीच्या कामाला म्हणूनच अपुरा पडतो.

खरा वाद पॅरामीटर कोणाला द्यायचे याचा होता. 1990 च्या दशकात जीपीएस सर्रास वापरात आले, तरी अधिकृत पॅरामीटर गोपनीयच राहिले. 2005 च्या नकाशा धोरणाने एकाच देशाच्या नकाशांच्या दोन मालिका केल्या: संरक्षण दलांसाठी एक आणि सर्वांसाठी डब्ल्यूजीएस-84 वरची, म्हणजे जीपीएसच्याच डेटमवरची, खुली. कारण सुरक्षेचे दिले गेले आणि ते अगदीच पोकळ नव्हते. मात्र एका परदेशी लष्करी संस्थेने भारत-नेपाळसाठी 295, 736 आणि 257 मीटर हे दोन केंद्रांमधले तीन अक्षांवरचे सरासरी फरक आधीच छापले होते. त्यांची खात्री दहा-पंधरा मीटरपर्यंतचीच. म्हणजे ढोबळ आकडे जगाला खुले आणि अचूक आकडे इथल्याच अभियंत्याला बंद.

मग ज्याने त्याने आपापली सोय केली. डोंगरमाथ्यावर खडकात कोरलेली, जुन्या जाळ्यातली वर्तुळ-बिंदूची खूण शोधायची, तिथे रिसीव्हर लावायचा, अशा तीन-चार खुणांवरून कामापुरते पॅरामीटर काढायचे. कालव्याचे वेगळे, शेजारच्या रस्त्याचे वेगळे. प्रत्येक संच आपल्या हद्दीत बरोबर. दोन प्रकल्प जिथे भिडतात तिथे रेषा जुळत नाहीत. हे नुकसान मला सुरक्षेच्या त्या लाभापेक्षा मोठे वाटते.

2021 मध्ये निर्बंध बरेच सैल झाले. महाराष्ट्रात आता कॉर्स केंद्रांच्या (सतत चालू असलेल्या स्थिर जीपीएस केंद्रांच्या) आधाराने रोव्हरवर, म्हणजे फिरत्या रिसीव्हरवर, मोजणी होते, बिंदू काही सेंटिमीटरपर्यंत पक्का मिळतो. अडते ते गटनकाशापाशी, म्हणजे गावातल्या जमिनींच्या हद्दी दाखवणाऱ्या नकाशापाशी. त्यामागची मूळ मोजणी 33 फुटी साखळीची, त्रिकोणांच्या जाळ्याला न बांधलेली. तिथे स्फेरॉइड बदलून काही साधत नाही. शाबूत हद्दीचे दगड आणि जुने बांध हेच सामाईक बिंदू धरून गावागावाची जुळवणी करावी लागते, आणि नेमके तेच दगड नांगराखाली गेले आहेत. शिवाय भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. म्हणून यापुढे निर्देशांकासोबत तो कोणत्या तारखेचा हेही नोंदवणे भाग आहे.