बंदी रद्द होणं आणि बंदी स्थगित होणं: मेस्सी आणि रोनाल्डो यांच्या निकालांत फरक काय?

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलवर वाद घालायला वर्ल्ड कप लागत नाही, दोन पेठांचा सामना पुरतो. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस रोनाल्डोच्या बंदीला स्थगिती मिळाल्याची बातमी आली, तेव्हा चहाच्या गाड्यावर एकच मुद्दा फिरत होता. "मेस्सीची पण उठवलीच होती की 2017 ला! मग रोनाल्डोला सूट दिली तर पोटात का दुखतंय?"

वरवर बघितलं तर हिशेब जुळतो. मेस्सीला चार सामन्यांची बंदी होती, रोनाल्डोला तीन सामन्यांची. प्रत्यक्षात दोघंही एकेकच सामना बाहेर बसले. पण मेस्सीची बंदी रद्द झाली होती आणि रोनाल्डोची स्थगित झाली. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. मी मेस्सीचा चाहता आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करून घेता येईल.

मेस्सीचं प्रकरण असं. 23 मार्च 2017 ला ब्वेनोस आयरेसमध्ये चिलीविरुद्ध 2018 च्या वर्ल्ड कपसाठी पात्रता फेरीचा सामना होता. मेस्सीच्या पेनल्टीवर अर्जेंटिना 1-0 जिंकली. सामना संपत आला असताना त्याच्याविरुद्ध फाउल दिला गेला आणि तो सहायक पंचावर चिडून, हात उडवत काहीतरी बोलला. मैदानात कार्ड निघालं नाही. 28 मार्चला, बोलिव्हियाविरुद्धचा सामना काही तासांवर आलेला असताना, फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, शिस्त समितीने चार सामन्यांची बंदी आणि 10,000 स्विस फ्रँक दंड जाहीर केला. त्या दिवशी बोलिव्हियातल्या उंचावरच्या ला पाझ शहरात, तिथल्या विरळ हवेत, अर्जेंटिना मेस्सीविना 2-0 ने हरली. 5 मे रोजी अपील समितीने बंदी आणि दंड दोन्ही रद्द केले. मेस्सीचं वागणं निंदनीय होतं असं समितीने म्हटलं, पण आरोप सिद्ध करण्याइतका पुरावा नाही, असाही निष्कर्ष काढला.

आपल्याकडे कोर्टाच्या बातम्यांत याला 'संशयाचा फायदा' म्हणतात. आरोप टिकला नाही की शिक्षाही उरत नाही. पुढे उरुग्वे, व्हेनेझुएला आणि पेरूविरुद्ध तो खेळला ते पूर्ण हक्काने, डोक्यावर कसलीही टांगती तलवार न घेता.

रेड कार्ड रद्द होणं याच जातीचं. 2014 मध्ये चेल्सीविरुद्ध आर्सेनलच्या ऑक्सलेड-चेंबरलेनने गोलकडे आलेला चेंडू झेप घेऊन हाताने अडवला आणि पंचांनी बाहेर काढलं कीरन गिब्जला. "हात माझा लागला" असं चेंबरलेन स्वतः पंचांना सांगत होता, तरी गिब्ज बाहेर गेलाच. नंतर इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने कार्ड रद्द केलं आणि गिब्जची बंदी टळली. आर्सेनल सामना मात्र 6-0 हरलं ते हरलंच. मेस्सीच्या बाबतीतही ला पाझचा निकाल कुणी बदलला नाही. रद्द झालेल्या शिक्षेचा भोगून झालेला भाग परत मिळत नाही. म्हणूनच आधी शिक्षा आणि मग सुनावणी हा क्रम मला चुकीचा वाटतो, मग समोर कुणीही असो.

आता रोनाल्डो. 13 नोव्हेंबर 2025, डब्लिन. आयर्लंडने पोर्तुगालला 2-0 हरवलं त्या सामन्यात चेंडू दुसरीकडे असताना रोनाल्डोचं कोपर आयर्लंडच्या दारा ओ'शेच्या पाठीत बसलं. पंचांनी आधी पिवळं कार्ड दाखवलं, व्हीएआरच्या (व्हिडिओ पाहून पंचांना मदत करणाऱ्या यंत्रणेच्या) स्क्रीनवर पाहून ते लाल केलं. पोर्तुगालकडून 226 सामन्यांत त्याचं हे पहिलंच रेड कार्ड. कोपर मारणं, ठोसा लगावणं असल्या प्रकारांना फिफाच्या शिस्त संहितेत किमान तीन सामन्यांची बंदी सांगितली आहे. 16 तारखेला आर्मेनियाविरुद्धचा सामना त्याने बाहेर बसून पाहिला. पोर्तुगालने तो 9-1 जिंकला आणि वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं केलं. मैत्रीपूर्ण सामने अशा बंदीत धरले जात नाहीत, त्यामुळे उरलेले दोन सामने थेट वर्ल्ड कपमधले पहिले दोन ठरले असते.

25 नोव्हेंबरला शिस्त समितीचा निर्णय आला. बंदी तीन सामन्यांचीच, पण त्यातले दोन सामने शिस्त संहितेच्या कलम 27 खाली एका वर्षासाठी स्थगित. त्या वर्षात त्याच स्वरूपाचा आणि तितकाच गंभीर गुन्हा पुन्हा केला, तर ते दोन सामनेही भोगावे लागणार. 'चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर' सोडतात, तसा हा प्रकार. गुन्हा शाबूत, कार्ड शाबूत, शिक्षाही कागदावर शाबूत. फक्त अंमल थांबवलेला.

ही सोय रोनाल्डोसाठी नव्याने काढलेली नाही. 2011 मध्ये माँटेनेग्रोच्या खेळाडूला लाथ मारल्याबद्दल इंग्लंडच्या वेन रूनीला युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, तीन सामन्यांची बंदी घातली होती. अपिलात दोन सामने कायम राहिले आणि तिसरा स्थगित झाला. युरो 2012 या युरोपीय स्पर्धेत युक्रेनविरुद्ध तो परतला आणि विजयी गोलही त्यानेच केला. पण तेव्हा दोन सामने भोगून एक स्थगित झाला होता. इथे एक भोगून दोन स्थगित, आणि तेही जिथे 'किमान तीन' लिहिलंय तिथे.

माझी खरी तक्रार याच्या पुढची आहे. शिक्षा रद्द करताना समितीला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: पुरावा आहे की नाही? ते उत्तर पटो न पटो, व्हिडिओ आणि पंचाचा अहवाल समोर ठेवून त्यावर भांडता येतं. शिक्षा स्थगित करताना प्रश्नच वेगळा असतो: याला आत्ता सवलत द्यावी का? तिथे समितीचा विवेकाधिकार चालतो आणि ताकदवानांचं वजन शिरायला फट तिथेच असते. 18 नोव्हेंबरला व्हाइट हाउसमधल्या मेजवानीला रोनाल्डो आणि फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो दोघंही हजर होते. त्याचा निकालाशी संबंध होता असं म्हणायला माझ्याकडे काहीही पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय मी ते म्हणणार नाही. पण असा फोटो पाहिलेल्या चाहत्याच्या मनात आठवडाभराने आलेल्या सवलतीबद्दल शंका आली, तर दोष त्या चाहत्याचा नाही. ती शंका दूर करण्याची जबाबदारी सवलत देणाऱ्याची आहे.

रोनाल्डोच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणजे ते 226 सामने, आणि तो खोटा नाही. इतक्या वर्षांत देशाच्या जर्सीत एकदाही बाहेर न गेलेल्या माणसाला थोडी सूट द्यावी, हे मलाही पटतं. पण हाच निकष एखाद्या छोट्या देशाच्या बावीस वर्षांच्या बचावपटूला लावून बघा. त्याचे एकूण सामनेच अकरा. अकराही स्वच्छ खेळला असला तरी 226 च्या पुढे ते कुठे दिसणार? म्हणून स्थगितीच्या प्रत्येक निर्णयासोबत कारणं सविस्तर छापावीत: मागचं वर्तन किती धरलं, इजा किती झाली, आधीच्या तशाच प्रकरणांत काय केलं होतं. म्हणजे त्या बावीस वर्षांच्या पोराच्या वकिलाला रोनाल्डोचा निकाल टेबलावर ठेवून म्हणता येईल, "यालाही तेच मोजमाप लावा."

गाड्यावर मी हे सगळं सांगितलं तेव्हा रोनाल्डोवाला मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारलं, "आणि मेस्सीला त्या वेळी संशयाचा फायदा दिला, तो त्या पोराला मिळाला असता?" बोलिव्हियाच्या सामन्यानंतर पाच आठवड्यांत अपील लढवायचं, तर महासंघाकडे वकील आणि पैसा लागतो. अर्जेंटिनाकडे दोन्ही होतं. त्याला मी नाही म्हणू शकलो नाही.