वेगमर्यादेची नोंद (ओपनस्ट्रीटमॅप)

ओपनस्ट्रीटमॅपवर वेगमर्यादेची नोंद म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर कायद्याने जास्तीत जास्त किती वेगाने गाडी नेता येते तो आकडा नकाशाच्या डेटामध्ये भरून ठेवणं. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला नकाशाचा प्रकल्प, अकाउंट उघडलं की कोणीही यात रस्ते, दुकानं, देवळं, ओढे काढू शकतं, आणि वेगमर्यादा हा त्यातला एक बारीकसा पण गाडीवाल्यांच्या रोजच्या कामाचा भाग. ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी हा नकाशा वापरणारी ॲप्स गाडी चालवताना कोपऱ्यात जो आकडा दाखवतात तो बहुतेक वेळा कोणीतरी रस्त्यावरचा बोर्ड बघून घरी येऊन हाताने भरलेला असतो. कोणी भरलाच नसेल तर ॲप गप्प बसतं.

नकाशातल्या गोष्टीला माहितीची जी चिठ्ठी लावतात तिला टॅग म्हणतात. इथे टॅगचं नाव मॅक्सस्पीड आणि त्यापुढे नुसता आकडा. एकक लिहिलं नाही तर किलोमीटर प्रति तास असंच धरलं जातं, त्यामुळे पुढे केएमपीएच वगैरे चिकटवायची गरज नाही, चिकटवलं की उलट घोळ होतो. ब्रिटन-अमेरिकेत मात्र मैल चालतात, तिथे आकडा, मग एक स्पेस आणि मग एमपीएच असं लिहावंच लागतं, नाहीतर ३० मैलांचा रस्ता गुपचूप ३० किलोमीटरचा होऊन बसतो. आपल्याकडच्या लोकांसाठी अजून एक गोष्ट, अंक इंग्रजीतलेच टाकायचे. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि देवनागरी ६० पडलं तर माणसाला कळतं पण राउटिंगच्या, म्हणजे वाट शोधणाऱ्या प्रोग्रामला तो आकडाच वाटत नाही. जर्मनीत ऑटोबानच्या (तिथल्या एक्सप्रेसवेच्या) ज्या भागात मर्यादाच नाही तिथे आकड्याच्या जागी 'नन' असं लिहितात, आणि हे टॅग रिकामा सोडण्यापेक्षा वेगळं आहे बरं का, रिकामा म्हणजे अजून कोणी बघितलंच नाही आणि नन म्हणजे बघितलं, मर्यादा नाही.

काय भरायचं याचा मूळ नियम सोपा आहे, कायद्याने लागू असलेली मर्यादा भरायची. रस्ता खड्ड्यांचा आहे, वीसच्या वर गाडी जातच नाही, म्हणून २० भरायचं नाही, आणि 'इथे कोण साठने जातंय, सगळे शंभरनेच पळवतात' म्हणून १०० पण भरायचं नाही. खराब रस्त्यासाठी सरफेस आणि स्मूदनेस असे वेगळे टॅग आहेत, खड्ड्यांचा राग तिथे काढावा.

रेघ कापण्याचं काम

नकाशात रस्ता म्हणजे बिंदू जोडत गेलेली एक रेघ, आणि टॅग लागतो तो अख्ख्या रेघेला. म्हणून समजा ८० चा रस्ता गावात शिरताना ४० चा होतो, तर जिथे बोर्ड आहे बरोबर तिथे रेघेवर बिंदू घ्यायचा, आयडी एडिटरमध्ये (ब्राउझरमध्येच नकाशा बदलायचं साधन) असाल तर तो सिलेक्ट करून एक्स दाबायचं की रेघेचे दोन तुकडे होतात, मग अलीकडच्याला ८० आणि पलीकडच्याला ४०. त्या रेघेवरून बसचा रूट जात असेल तर दोन्ही तुकडे त्या रूटमध्ये राहतात, ती काळजी एडिटर घेतो.

खरी गंमत दुभाजक नसलेल्या रस्त्यावर येते, कारण जाणाऱ्यांसाठीचा बोर्ड आणि येणाऱ्यांसाठीचा बोर्ड क्वचितच समोरासमोर असतात. गावात शिरणाऱ्याला ४० चा बोर्ड वडापाशी दिसतो आणि बाहेर पडणाऱ्याला ८० चा बोर्ड त्याच्याही अलीकडे, पंपापाशीच भेटतो, म्हणजे पंप ते वड या तुकड्यात एकाच रस्त्यावर दोन दिशांना दोन वेगवेगळ्या मर्यादा. अशा वेळी दोन जागी कापायचं आणि मधल्या तुकड्याला मॅक्सस्पीड:फॉरवर्ड आणि मॅक्सस्पीड:बॅकवर्ड असे दोन टॅग द्यायचे. फॉरवर्ड म्हणजे रेघ ज्या दिशेने काढलीय ती दिशा, एडिटरमध्ये बारीक बाण दिसतात त्यावरून ओळखायचं, उत्तर-दक्षिण किंवा मुंबईकडे-पुण्याकडे याच्याशी काही संबंध नाही. नंतर कोणी रेघ उलटी केली तरी चांगले एडिटर हे दोन टॅग आपोआप अदलाबदल करतात. बोर्डचा स्वतःचा पण ट्रॅफिक साइन म्हणून वेगळा बिंदू काढता येतो, तपासायला येणाऱ्या पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो, पण वाट शोधणारे प्रोग्राम मुख्यतः रेघेवरचाच टॅग वाचतात.

गाडीच्या प्रकारानुसारही फरक पडतो. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग घ्या, ७०१ किलोमीटर, सपाटीवर कारला १२० आणि ट्रकला ८०, तर मुख्य टॅगमध्ये १२० आणि शेजारी मॅक्सस्पीड:एचजीव्ही (एचजीव्ही म्हणजे अवजड मालवाहू गाडी) मध्ये ८०. घाटाच्या भागात आकडे वेगळे, म्हणजे तिथे परत कात्री. दुचाकीला तिथे बंदीच आहे म्हणून मोटरसायकलसाठी वेगमर्यादेचा टॅग न देता सरळ 'नो' लिहायचं. वेळेनुसार बदलणाऱ्या मर्यादेला कंडिशनल नावाची शेपटी जोडतात. याचं नेहमीचं उदाहरण नेदरलँड्सचं, तिथे मार्च २०२० पासून बहुतेक मोटरवेवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ पर्यंत १०० आहे आणि रात्री काही ठिकाणी १३० पर्यंत जाता येतं, तर मुख्य आकडा १०० आणि कंडिशनलमध्ये १३०, पुढे ॲटचं चिन्ह आणि कंसात रात्रीची वेळ.

आकडा आला कुठून

या सगळ्यात लोक सगळ्यात जास्त टाळतात तो टॅग म्हणजे मॅक्सस्पीड:टाइप, काही देशांत यासाठी सोर्स:मॅक्सस्पीड वापरतात. आकडा बोर्डवर वाचला असेल तर 'साइन' लिहायचं, आणि बोर्ड नव्हता पण त्या देशाच्या सर्वसाधारण नियमाने मर्यादा लागू होते तर देशाचा कोड आणि नियमाचं नाव, उदाहरणार्थ जर्मनीतल्या शहरी हद्दीतल्या ५० साठी डीई:अर्बन. नवीन माणसाला ही फुकटची टायपिंग वाटते. पण वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ ला वस्तीतल्या, रस्त्यावर दिवे असलेल्या रस्त्यांची मूळ मर्यादा ३० मैलांवरून एका रात्रीत २० झाली, आणि स्थानिक कौन्सिलांनी काही रस्ते मुद्दाम ३० वर ठेवले, तिथे तसे बोर्ड लावले. आता नकाशात नुसतं ३० लिहिलेलं असेल तर हा जुन्या नियमाचा ३० की मुद्दाम ठेवलेला ३०, कसं ओळखणार? जिथे टाइप भरलेला होता तिथे निदान कुठला रस्ता आधी बघायचा ते कळत होतं, बाकीच्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन बघणं आलं. फ्रान्सनेही १ जुलै २०१८ ला दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर ९० चं ८० केलं आणि नंतर जिल्ह्यांना परत ९० करायची मुभा दिली, म्हणजे तिथे हा प्रश्न दोनदा आला. माझ्या मते स्रोत नसलेला आकडा अर्धाच आकडा आहे, भले तो आज बरोबर असो.

भारतात

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ११२ हे याचं मूळ. केंद्र सरकार वाहनप्रकारानुसार कमाल वेग ठरवतं, आणि राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा सुरक्षिततेसाठी किंवा रस्ता-पूल कसा आहे ते बघून तो कमी करू शकते, पण त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि जागेवर योग्य बोर्ड लावणं असं दोन्ही कायद्यात सांगितलंय. एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत कारसाठी एक्सप्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा मोठ्या रस्त्यावर १००, पालिका हद्दीत ७० आणि इतर रस्त्यांवरही ७० असे आकडे होते. ही अधिसूचना २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टाने रद्द ठरवली. त्यात शहरांत ट्रॅफिक पोलिसांचे आदेश वेगळे असतात, एकेका पुलासाठी वेगळे. म्हणून घरी बसून कायद्याचा तक्ता उघडायचा आणि जिल्ह्यातल्या सगळ्या रस्त्यांना सटासट ७० लावत सुटायचं हे कोणी करू नये, तसं मोठ्या प्रमाणावर करायचं तर आधी बाकीच्या मॅपर्सशी चर्चा करावी लागते असा ओपनस्ट्रीटमॅपचा नियमच आहे, नाहीतर केलेलं सगळं मागे फिरवलं जातं.

बोर्ड वाचण्यात पण शिकण्यासारखं बरंच आहे. पांढऱ्या गोलाला लाल कड आणि आत काळा आकडा असेल तर ती मर्यादा. 'वाहने सावकाश चालवा', 'पुढे अपघाती वळण', 'शाळा पुढे आहे' या पाट्यांमध्ये आकडा नसतो, त्यावरून आपल्या मनाने ३० काढायचं नाही. नुसता सल्ला म्हणून आकडा दिला असेल तर त्याला मॅक्सस्पीड:ॲडव्हायझरी आहे. कुठे बोर्डवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला असतो आणि भाऊंच्या फोटोमागे नुसती लाल कड डोकावत असते, अशा वेळी दुसऱ्या दिशेचा बोर्ड बघून अंदाज बांधण्यापेक्षा नकाशावर नोट टाकून पुढे जावं.

गाडी चालवता चालवता कोणी टाइप करू शकत नाही, करूही नये, म्हणून लोक डॅशबोर्डवर फोन लावून मॅपिलरी या रस्त्यांचे फोटो साठवणाऱ्या साइटसाठी फोटो काढत जातात आणि नंतर निवांत बघतात. मॅपिलरी फोटोतले बोर्ड मशीनने ओळखतं आणि ते एडिटरमध्ये लेयर म्हणून दिसतात, सोय मोठी आहे पण आंधळा विश्वास नको. आपल्याकडे ट्रकच्या आणि एसटीच्या पाठीवर गोलात ८० किंवा ६० रंगवलेलं असतं, ती त्या गाडीची मर्यादा, आणि मशीनला तो रस्त्याकडेचा बोर्ड वाटू शकतो. सर्व्हिस रोडचा बोर्ड हायवेला चिकटणं हा दुसरा नेहमीचा प्रकार, उड्डाणपुलाच्या खाली-वर तर हमखास. गूगल मॅप्स किंवा स्ट्रीट व्ह्यूमध्ये बघून आकडा उतरवायला सक्त मनाई आहे, गूगलचा परवाना तशी परवानगी देत नाही.

नोंद नसेल तर काय होतं? राउटिंग इंजिन रस्त्याच्या वर्गावरून अंदाज बांधतं. ओएसआरएम या इंजिनच्या कारच्या मूळ सेटिंगमध्ये मोटरवेला ९०, ट्रंकला ८५, प्रायमरीला ६५, सेकंडरीला ५५ आणि वस्तीतल्या गल्लीला २५ धरलेलं असतं, आणि टॅग असला तरी इंजिन त्या आकड्याच्या ८० टक्केच वेग धरतं कारण सतत कमाल मर्यादेवर कोणी चालवत नाही. हे अंदाज एकाच साच्यातले, सदाशिव पेठेतल्या गल्लीलाही २५ आणि गडचिरोलीतल्या मोकळ्या वाडीरस्त्यालाही २५, म्हणून 'पोचायला इतकी मिनिटं' हे कधीकधी हास्यास्पद निघतं. त्यातला वेगमर्यादेमुळे होणारा घोळ टॅग भरून सुटतो, ट्रॅफिकमुळे होणारा नाही.

राहिला तात्पुरत्या मर्यादेचा प्रश्न. पुलाचं काम चालू आहे, बॅरिकेड लावलेत, २० चा पत्र्याचा बोर्ड वाळूच्या गोणीला टेकवून ठेवलाय, तर तो भरायचा का? चार-आठ दिवसांचं काम असेल तर भरत नाहीत, कारण लोक ऑफलाइन नकाशे महिनोन्महिने अपडेट करत नाहीत आणि काम संपल्यावर तो २० काढायला परत कोण येतंय. गंमत म्हणजे कलम ११२ मध्ये पण असाच विचार दिसतो, एक महिन्यापेक्षा जास्त न चालणाऱ्या मर्यादेला राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नाही असं तिथे म्हटलंय. काम वर्षभर रेंगाळणार हे उघड दिसत असेल तर मात्र भरावं, सोबत चेक डेटच्या टॅगमध्ये शेवटचं बघितल्याची तारीख टाकावी, म्हणजे पुढच्या माणसाला तो २० किती जुना आहे ते कळतं.