बायबलमधल्या शब्दांच्या मूळ अर्थाचा शोध: पार्श्वभूमी

जुना करार मुख्यतः हिब्रूत आहे, दानीएल आणि एज्रा या पुस्तकांतले काही भाग अरामीत, तर नवा करार ग्रीकमध्ये. हिब्रू पूर्वी जवळजवळ व्यंजनांनीच लिहीत. स्वरचिन्हे मासोरेट या ज्यू पंडितांनी साधारण सहाव्या ते दहाव्या शतकांत बसवली. तोवर उच्चार पाठांतराने टिकला. यातून काय घडते ते उत्पत्ती ४७:३१ मध्ये, याकोब नमन करतो तिथे, दिसते. मेम, टेथ आणि ‘हे’ ही तीन हिब्रू अक्षरे ‘मिट्टा’ अशी वाचली तर पलंग आणि ‘मट्टे’ अशी वाचली तर काठी. मासोरेटांनी पलंग वाचला. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सुरू झालेल्या सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात मात्र काठी आहे. नव्या करारातल्या इब्री ११:२१ ने तेच घेतले, म्हणून तिथे याकोब काठीच्या टोकावर नमन करतो. दोन्ही वाचने जुनी आहेत. एकाला चूक ठरवण्याची घाई नको.

नव्या कराराची ग्रीक अभिजात ग्रीकपेक्षा निराळी दिसते, म्हणून ती खास धर्मभाषा असावी असे अनेकांना वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये, विशेषतः ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत, पपायरसवरच्या पावत्या, करारनामे, घरगुती पत्रे ढिगाने सापडली. ती याच बोलीतली होती. मत्तय ६:२ मधले ‘अपेखो’ हे क्रियापद पावत्यांवर ‘पूर्ण रक्कम पावली’ या अर्थाने येते, हे जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी दाखवले. म्हणजे त्या वचनातल्या, लोकांनी वाहवा करावी म्हणून दान देणाऱ्या ढोंग्यांचे येणे चुकते झाले, बाकी काही उरली नाही. थेयरचा ग्रीक कोश १८८० च्या दशकातला, या शोधांचा फायदा न मिळालेला. तो फुकट मिळतो म्हणून सर्रास वापरला जातो, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

जेम्स स्ट्राँग यांची बायबलमधल्या शब्दांची सूची १८९० ची. तिचे क्रमांक (हिब्रू ८६७४ पर्यंत, ग्रीक ५६२४ पर्यंत) शब्द शोधायला उत्तम. गफलत होते ती नोंदीच्या शेवटच्या यादीमुळे. किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात तो शब्द कसकसा उतरवला आहे, एवढेच ती यादी सांगते. वाचक त्यातला आवडता अर्थ उचलून कुठल्याही वचनाला लावतात. शिवाय क्रमांक मूळ शब्दाचा असतो. क्रियापदाचा काळ किंवा प्रयोग त्यातून कळत नाही.

१९६१ मध्ये बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी व्युत्पत्तीवरून अर्थ काढण्याच्या सवयीवर कडक टीका केली. ती आजही लागू आहे. ‘अगापे’ या प्रेमवाचक ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ दैवी, निःस्वार्थ प्रेम, हे वारंवार ऐकू येते. पण सेप्टुअजिंटमध्ये २ शमुवेल १३ येथे अम्नोनच्या तामारविषयीच्या वासनेलाही हाच शब्द आहे. योहान ३:३५ मध्ये पिता पुत्रावर प्रीती करतो तिथे ‘अगापाओ’, आणि ५:२० मध्ये त्याच गोष्टीसाठी ‘फिलेओ’ हे प्रेम करण्याचे दुसरे क्रियापद.

म्हणून शब्द तपासताना आधी संपूर्ण परिच्छेद वाचावा, मग त्याच लेखकाचे इतर वापर, मग उरलेला करार. ग्रीक शब्द असेल तर सेप्टुअजिंटही. कोश त्यानंतर उघडावा, आणि त्यातल्या अनेक अर्थांपैकी या वाक्यात बसणारा एकच घ्यावा.