पार्श्वभूमी : बर्गरमधली कोंबडी आणि तिचा पत्ता

मे २००१मध्ये ठाण्यातल्या मॅकडॉनल्ड्स या अमेरिकी बर्गर-साखळीच्या दुकानाची तोडफोड झाली. निमित्त मात्र अमेरिकेतलं होतं. तिथल्या फ्रेंच फ्राइजच्या चवीसाठी गोमांसाचा अर्क वापरतात आणि गिऱ्हाइकाला ते सांगत नाहीत, म्हणून सिएटलमध्ये दावा दाखल झाला होता. भारतातल्या फ्राइजमध्ये असं काही नसतं, असा खुलासा कंपनीने केला. तिकडचा दावा पुढच्या वर्षी एक कोटी डॉलर मोजून मिटला. पाकिटांवरचे हिरवे-तपकिरी ठिपकेही त्याच सुमाराला सक्तीचे झाले. आपल्याकडची पारदर्शकता तेव्हापासून एकाच चौकशीवर अडून बसली आहे : यात कुठला प्राणी आहे? तो कसा वाढला आणि कसा मारला, याची चौकशी क्वचितच होते.

गाय आणि डुक्कर मोठ्या साखळ्यांनी जवळपास बाहेरच ठेवले, त्यामुळे उरते ती बॉयलर कोंबडी. पिल्लं, खाद्य, औषधं कुक्कुटपालन कंपनीची, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या आसपास भरतो. तळोजा एमआयडीसीत पॅटी बनवणारा प्रक्रिया कारखाना आहे. म्हणजे वाशीतल्या बर्गरचं मूळ शोधायला फार लांब जावं लागू नये. पण काउंटरवरून ते दिसत नाही.

खरा गुंता आहे तो कत्तलखाना कशाला म्हणायचं याचा. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव हा प्राणी. २००१च्या कत्तलखाना नियमांनुसार दिवसाला १० किंवा अधिक प्राणी जिथे मारले जातात ती जागा कत्तलखाना, आणि तिथे एकाच्या डोळ्यांदेखत दुसरा मारायचा नाही. दोन्ही शब्दशः लावले तर नौपाड्यापासून ऐरोलीपर्यंत झाडून सगळी चिकन सेंटरं कत्तलखाने ठरतील. रविवारी सकाळी दहा कोंबड्या तर पहिल्या अर्ध्या तासातच जातात. उलट २०११च्या अन्न परवाना नियमांत दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंतचा धंदा हा किरकोळ, त्याला नुसती नोंदणी पुरते. तोच गाळा, तीच सुरी, आणि दोन कायद्यांत दोन ओळखी. शेजारच्या गुजरातमध्ये हा वाद २०२३मध्ये उच्च न्यायालयापुढे होता आणि तिथे कोंबडी प्राणी आहे की नाही, यावरही युक्तिवाद झाले! स्कूटरला उलट्या टांगून नेलेल्या कोंबड्यांनाही १९६०चा कायदा लागू होऊ शकतो. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये.

या गोंधळाचा फायदा साखळ्यांना आपसूक मिळतो. त्यांच्याकडे माल गार ठेवून नेण्याची सोय (शीतसाखळी) असते, तपासणीचे कागद असतात, आणि ते खरेही असतात. मात्र ते कागद गिऱ्हाइकापुढे येत नाहीत. चिकन सेंटरवर निदान पिंजऱ्यातली कोंबडी दिसते.

परदेशी साखळ्यांच्या ‘पिंजरामुक्त’ घोषणांचा इकडे फार गाजावाजा होतो. त्या अंड्यांच्या कोंबड्यांपुरत्या असतात. बॉयलर पिंजऱ्यात वाढवत नाहीत, शेडमध्ये जमिनीवर भुशावर वाढवतात. त्याचे प्रश्न दाटीचे, झपाट्याने वाढवलेल्या वजनाचे आणि वाहतुकीचे. त्यात आपल्याकडे मेयोनीजही बऱ्याच ठिकाणी बिनअंड्याचं, म्हणजे त्या घोषणांचा इथे संबंध आणखी कमी.

२०१९मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना कॉलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर बंदी आली. बिलावर परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापणं जानेवारी २०२२पासून आलं, पण तो दुकानाचा, मांसाचा नाही. पुढच्याच महिन्यात शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला. साथ आली की कोंबडी कुठली हे विचारलं जातं, ओसरली की पुन्हा सामसूम. त्याच वर्षीपासून १० किंवा अधिक शाखांच्या साखळ्यांना मेनूवर कॅलरी दाखवाव्या लागतात. कोंबडी कुठल्या जिल्ह्यातली, हे दाखवायची सक्ती नाही.

मार्च २०२५मध्ये राज्यात झटका (एका घावात मारलेल्या बकऱ्याच्या) मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आलं आणि बरीच खडाजंगी झाली. त्यातही भर मारण्याच्या पद्धतीवर आणि दुकानदाराच्या धर्मावरच होता. बकरा कुठल्या बाजारातून आला आणि किती तास टेम्पोत उभा होता, यावर दोन्ही बाजूंनी फारसं कुणी बोललं नाही.