बॅरो, जेफ

(९ डिसेंबर १९७१ – ). इंग्लिश ध्वनिमुद्रण-निर्माते, संगीतकार आणि ‘पोर्टिसहेड’ या संगीतसमूहाचे एक संस्थापक. जन्म सॉमरसेट परगण्यात. आईवडील विभक्त झाल्यावर ते आईसोबत ब्रिस्टलजवळच्या पोर्टिसहेड गावी आले आणि पुढे समूहाला त्यांनी याच गावाचे नाव दिले.

ब्रिस्टलच्या कोच हाउस स्टुडिओत ते टेप ऑपरेटर (ध्वनिमुद्रण-फिती हाताळणारा साहाय्यक) म्हणून उमेदवारी करत असताना तेथे ‘मॅसिव्ह अटॅक’ या ब्रिस्टलच्याच संगीतसमूहाच्या ‘ब्लू लाइन्स’ (१९९१) या अल्बमचे काम चालू होते. त्याच वर्षी, बेरोजगारांना स्वतःचा व्यवसाय उभारता यावा यासाठीच्या एका सरकारी योजनेच्या वर्गात त्यांची गायिका बेथ गिबन्स यांच्याशी ओळख झाली. जॅझ गिटारवादक एड्रियन अटली नंतर त्यांना येऊन मिळाले.

समूहाचा पहिला अल्बम ‘डमी’ ऑगस्ट १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला व वर्षातील उत्कृष्ट ब्रिटिश वा आयरिश अल्बमला दिला जाणारा मर्क्युरी पुरस्कार १९९५ मध्ये त्याला मिळाला. हिप-हॉपचा संथ केलेला ताल, हेरपटांच्या संगीताची छाया आणि गिबन्स यांचा कातर स्वर ही त्याची ओळख. ‘सावर टाइम्स’मध्ये चित्रपट-संगीतकार लालो शिफ्रिन यांच्या, तर ‘ग्लोरी बॉक्स’मध्ये अमेरिकन सोल गायक आयझॅक हेझ यांच्या रचनेचे तुकडे वापरले आहेत. मात्र बॅरो यांचे खरे वेगळेपण उसन्या तुकड्यांत नाही. समूहाने स्वतः वाजवलेले संगीत ते विनाइल तबकडीवर उतरवून घेत, त्या तबकड्या जमिनीवर टाकून, तुडवून झिजवत आणि मग टर्नटेबलवर (तबकडी वाजवण्याच्या यंत्रावर) फिरवून त्यांचेच सॅम्पल, म्हणजे नव्या गीतात वापरायचे ध्वनितुकडे, घेत. ऐकणाऱ्याला जी खरखर कुठल्यातरी विसरलेल्या रेकॉर्डची वाटते, ती बहुधा नुकतीच तयार केलेली असते. या शैलीला ‘ट्रिप-हॉप’ म्हटले जाते. ते नाव बॅरो यांना कधीच रुचले नाही, आणि मागाहून आलेल्या गुळगुळीत अनुकरणांचा ढीग पाहता त्यांची नाराजी समजण्याजोगी आहे.

दुसऱ्या अल्बमनंतर (१९९७) समूहाने अकरा वर्षे नवा अल्बम काढला नाही. ‘थर्ड’मध्ये (२००८) स्क्रॅचिंग (तबकडी हाताने मागेपुढे फिरवून काढलेला आवाज) जवळजवळ नाहीसे झाले आणि ‘मशीन गन’सारख्या गीतात केवळ इलेक्ट्रॉनिक तालाचे कठोर आघात उरले.

इन्व्हाडा ही ध्वनिमुद्रिका-कंपनी चालवण्यात बॅरो यांचा प्रमुख वाटा आहे. ‘द हॉरर्स’ या इंग्लिश रॉक समूहाच्या ‘प्रायमरी कलर्स’ (२००९) या अल्बमच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता, तर ‘बीक’ या त्रयीत ते ड्रम वाजवत व गात. संगीतकार बेन सॅलिसबरी यांच्यासह त्यांनी ‘एक्स माकिना’ आणि ‘अ‍ॅनायलेशन’ (२०१८) या चित्रपटांना संगीत दिले.