कुटुंबीयांनी सुचवलेल्या सैनिकाचा सन्मान : अमेरिकेतील नामनिर्देशनाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

अमेरिकेच्या सैन्यदलात सेवा केलेल्या व्यक्तीचा सन्मान व्हावा म्हणून जे अर्ज केले जातात, त्यांतले बरेचसे त्या व्यक्तीने स्वतः केलेले नसतात. अर्जदार असते पत्नी, मुलगी, सून, नातू, क्वचित शेजारी, आणि ज्यांच्यासाठी अर्ज केला ते गृहस्थ बहुधा "माझ्यासाठी कशाला एवढी खटपट?" असे म्हणणारे असतात. त्यामुळे दोन अडचणी हमखास उभ्या राहतात. अर्जदाराला सेवेचा तपशील ऐकीव स्वरूपात ठाऊक असतो, आणि तो तपशील सिद्ध करणारा कागद सरकारकडे मागण्याचा अधिकार त्याला असतोच असे नाही. पुढील माहिती या दोन अडचणी समोर ठेवून दिली आहे.

शौर्यपदकांचा मार्ग निराळा आहे, हे आधीच सांगून टाकणे बरे. मेडल ऑफ ऑनर किंवा सिल्व्हर स्टार यांसारख्या पदकांची शिफारस सैन्याच्या अधिकारश्रेणीतून वर जाते. कुटुंबीयांनी अर्ज भरला म्हणून ती मिळत नाहीत. जुन्या पराक्रमाची शिफारस वेळेत झाली नसल्यास अमेरिकी संहितेच्या शीर्षक १० मधील कलम ११३० नुसार काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यामार्फत फेरविचाराची विनंती करता येते. मात्र त्यासाठी समकालीन कागदोपत्री पुरावा लागतो आणि काम दीर्घकाळ चालते. येथे विचार आहे तो कुटुंबीय थेट अर्ज करू शकतात अशा सन्मानांचा.

कोणता सन्मान कोणासाठी

क्विल्ट्स ऑफ व्हॅलर फाउंडेशन ही संस्था युद्धाची झळ बसलेल्या सैनिकांना व माजी सैनिकांना हाताने शिवलेली गोधडी अर्पण करते. इराकमध्ये तैनात असलेल्या मुलाच्या काळजीतून कॅथरिन रॉबर्ट्स यांनी २००३ मध्ये डेलावेअर राज्यात हे काम सुरू केले. गोधडी किमान ५५ बाय ६५ इंच आणि कमाल ७२ बाय ९० इंच असावी, तिच्यावर शिवणाऱ्यांची व स्वीकारणाऱ्याची नावे असलेली पट्टी असावी, असे संस्थेचे नियम आहेत. संस्था तिला भेटवस्तू न म्हणता पुरस्कार म्हणते, आणि समारंभात ती खांद्यांवर पांघरली जाते. त्यामुळे हे नामनिर्देशन हयात व्यक्तीचे असते.

ऑनर फ्लाइट नेटवर्कचा उपक्रम माजी सैनिकांना वॉशिंग्टन येथील युद्धस्मारके दाखवण्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धाचे स्मारक २००४ मध्ये खुले झाले, पण ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांतल्या अनेकांना वयामुळे तेथवर जाणे शक्य नव्हते. म्हणून ओहायोतील अर्ल मोर्स यांनी मे २००५ मध्ये सहा छोट्या विमानांतून बारा माजी सैनिकांना तेथे नेले, आणि त्यातून हे जाळे उभे राहिले. अर्ज घराजवळच्या स्थानिक केंद्राकडे करावयाचा असतो. दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आणि दुर्धर आजाराने ग्रस्त असलेले सैनिक यांना अग्रक्रम मिळतो, त्यानंतर कोरिया व व्हिएतनाम युद्धांतील सैनिकांचा क्रम लागतो. माजी सैनिकाला काहीही खर्च येत नाही. सोबत जाणाऱ्या मदतनिसाला मात्र बहुतेक केंद्रांत स्वतःचा खर्च भरावा लागतो, त्याचा अर्ज वेगळा असतो, आणि पती किंवा पत्नीला मदतनीस म्हणून सहसा घेत नाहीत. या शेवटच्या नियमाचे अनेकांना वाईट वाटते, पण चाकाची खुर्ची दिवसभर ढकलणे व बसमध्ये चढ-उतार करवणे हे काम समवयस्काला झेपणारे नसते.

व्हिएतनाम युद्धकाळातील माजी सैनिकांसाठी संघराज्य सरकारची स्मृतिमुद्रा, म्हणजे कोटाच्या कॉलरला लावायची छोटी पिन, आहे. १ नोव्हेंबर १९५५ ते १५ मे १९७५ या काळात सक्रिय सेवेत असलेली हयात व्यक्ती तिला पात्र ठरते. प्रत्यक्ष व्हिएतनाममध्ये गेलेले असणे आवश्यक नाही, आणि ही बाब माहीत नसल्यामुळे जर्मनीत किंवा मायदेशी सेवा केलेल्या कित्येकांचे नाव कोणी सुचवतच नाही. दिवंगत सैनिकाच्या पतीला किंवा पत्नीला वेगळी पिन दिली जाते.

सैनिक हयात नसेल तर राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे स्मृतिपत्र मागवता येते. प्रेसिडेन्शियल मेमोरियल सर्टिफिकेट या नावाची ही प्रथा केनेडी यांच्या कारकिर्दीत १९६२ मध्ये सुरू झाली. माजी सैनिक व्यवहार विभागाचा ४०-०२४७ क्रमांकाचा अर्ज, सेवामुक्तीच्या कागदाची प्रत आणि मृत्यूचा दाखला एवढेच त्याला लागते, शुल्क नाही. जवळच्या नातेवाइकांप्रमाणे मित्रमंडळीही ते मागू शकतात आणि एकापेक्षा जास्त प्रती मिळतात, त्यामुळे तीन भावंडांत एकच प्रत कोणाकडे राहावी हा प्रश्न उरत नाही. अर्जासोबत मूळ कागद कधीही पाठवू नयेत, कारण ते परत केले जात नाहीत.

याखेरीज अनेक लहान शहरांत रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांना स्थानिक सैनिकांची छायाचित्रे असलेले फलक लावतात. तेथील नियम प्रत्येक गावाचे स्वतंत्र असतात, आणि फलकाचा खर्च बहुधा नाव सुचवणाऱ्या कुटुंबाने द्यावयाचा असतो.

आधी विचारावे

हयात व्यक्तीचे नाव सुचवताना तिला अंधारात ठेवून सुखद धक्का देण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. युद्ध पाहिलेल्या काही जणांना चारचौघांसमोर उभे राहून नाव पुकारले जाणे सोसत नाही; काहींना गणवेशातील स्वतःचे छायाचित्र रस्त्यावर नको असते; आणि समारंभाच्या दिवशी असा नकार आला तर आयोजक, नातेवाईक व ती व्यक्ती असे सगळेच अवघडतात. शिवाय सेवेच्या नोंदी मागण्यासाठी हयात सैनिकाची लेखी संमती लागतेच, तेव्हा गुपित फार दूरवर टिकत नाही. समारंभ सभागृहात हवा की घरच्या घरी, हेही याच वेळी विचारून ठेवावे.

डीडी २१४ : सर्वांत महत्त्वाचा कागद

सेवेचा पुरावा म्हणून मागितला जाणारा मुख्य कागद म्हणजे डीडी फॉर्म २१४, अर्थात सक्रिय सेवेतून मुक्त झाल्याचे प्रमाणपत्र. हा फॉर्म १९५० पासून वापरात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्यांकडे त्या काळचे वेगळ्या नमुन्याचे प्रमाणपत्र असते आणि तेही ग्राह्य धरतात. नॅशनल गार्ड म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्यदलातील सेवेसाठी एनजीबी २२ हा फॉर्म असतो.

हा कागद हाती आल्यावर तो नीट वाचावा. आजच्या नमुन्यात रकाना १२ मध्ये सेवेत दाखल झाल्याची व मुक्त झाल्याची तारीख तसेच परदेशातील सेवेचा कालावधी असतो, रकाना १३ मध्ये पदके, चिन्हे व प्रशस्तिपत्रे असतात, आणि रकाना २४ मध्ये सेवामुक्तीचा प्रकार नमूद असतो. पात्रता ठरते ती मुख्यतः या शेवटच्या रकान्यावर. तेथे 'ऑनरेबल' असेल तर प्रश्न नाही. 'जनरल' म्हणजे सन्माननीय परिस्थितीत पण सर्वसाधारण सेवामुक्ती असेल तर संबंधित उपक्रमाचा नियम आधी विचारावा. 'डिसऑनरेबल' असेल तर अर्ज पुढे जाण्याची शक्यता नाही. कागदाच्या लांब व आखूड अशा दोन प्रती असतात, आणि आखूड प्रतीत रकाना २४ नसतोच. घरातल्या पेटीतून मोठ्या आनंदाने काढलेला कागद नेमका आखूड निघतो आणि आठवड्याभराने "सेवामुक्तीचा प्रकार दिसत नाही" असे उत्तर येते. म्हणून प्रत काढण्यापूर्वीच हा रकाना शोधावा.

कागदावर सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे सरकारने प्रत्येकाला दिलेला खासगी ओळख क्रमांक, असतो. खासगी संस्थेला प्रत पाठवण्यापूर्वी तो छायाप्रतीवर काळ्या शाईने पूर्ण झाकावा आणि त्या प्रतीची पुन्हा प्रत काढावी, म्हणजे उजेडात धरूनही आकडे वाचता येत नाहीत. सध्या सेवेत असलेल्या व्यक्तीकडे चालू सेवेचा डीडी २१४ नसतो. तिच्यासाठी तुकडीच्या कार्यालयाचे सेवेबाबतचे पत्र जोडावे. लष्करी ओळखपत्राची छायाप्रत मात्र जोडू नये, कारण अनधिकृत कामासाठी तशी प्रत काढण्यास संघराज्य कायद्याची मनाई आहे.

कागद सापडत नसेल तर

मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथील नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे सेवामुक्त झालेल्यांच्या नोंदी असतात. तेथे ऑनलाइन विनंती करता येते किंवा स्टँडर्ड फॉर्म १८० भरून टपालाने पाठवता येतो. टपालाच्या अर्जावर सही व तारीख नसेल तर तो तसाच परत येतो. हयात सैनिकाच्या नोंदी त्याला स्वतःला किंवा त्याने सही करून अधिकार दिलेल्या व्यक्तीला मिळतात. सैनिक दिवंगत असेल तर जवळचे नातेवाईक म्हणून पुनर्विवाह न केलेली पत्नी किंवा पती, आई, वडील, मुलगा, मुलगी, बहीण व भाऊ एवढ्यांनाच मान्यता आहे, आणि त्यांना मृत्यूचा दाखला, अंत्यविधी करणाऱ्या संस्थेचे पत्र किंवा वर्तमानपत्रातील निधनवृत्त यांपैकी काहीतरी जोडावे लागते.

या यादीत नातवंडे नाहीत, आणि आजोबांचे नाव सुचवण्याचा उत्साह तर बहुतेक घरांत नातवंडांनाच असतो. अशा वेळी आई, मामा किंवा आत्या यांच्या नावाने व सहीने विनंती करणे हा सरळ मार्ग आहे. सेवामुक्तीला ६२ वर्षे उलटून गेली असतील तर नोंद सार्वजनिक अभिलेख ठरते आणि कोणीही शुल्क भरून तिची प्रत मागू शकतो.

काही वेळा उत्तर येते की नोंद आगीत नष्ट झाली आहे. १२ जुलै १९७३ रोजी या केंद्राला लागलेल्या आगीत सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख नस्त्या जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के, तर १९४७ ते १९६४ या काळातील हवाईदलाच्या, आडनावांच्या वर्णानुक्रमाने 'हबर्ड'नंतर येणाऱ्या, सुमारे ७५ टक्के नोंदी त्यांत होत्या, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती कोठेही ठेवलेल्या नव्हत्या. तरीही विनंती तेथे संपत नाही. केंद्र एक प्रश्नावली पाठवते. त्यात तुकडीचे नाव, सेवा क्रमांक, भरतीचे ठिकाण असे जे ठाऊक असेल ते भरल्यास अखेरच्या वेतनाची पावती वगैरे अन्य कागदांवरून सेवेची खात्री करून प्रमाणपत्र दिले जाते. युद्धावरून परतलेल्या अनेकांनी त्या काळी आपले सेवामुक्तीचे कागद काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) नोंदणी कार्यालयात नोंदवून ठेवले होते, म्हणून सैनिक परतल्यावर जेथे राहिला त्या काउंटीत चौकशी अवश्य करावी.

अर्जातील हकिगत आणि छायाचित्र

जवळजवळ प्रत्येक अर्जात या व्यक्तीचे नाव का सुचवत आहात, असा प्रश्न असतो. उत्तरात तिने काय केले ते लिहावे : कोणत्या दलात, कोणत्या तुकडीत, कोणत्या वर्षी, कोठे, आणि रोजचे काम काय होते. "ते महान देशभक्त होते" या वाक्यावरून निवड करणाऱ्याला काही कळत नाही. "१९६८ मध्ये ते रुग्णवाहक हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते आणि रात्रीच्या दुरुस्तीची पाळी त्यांची असे" यावरून समारंभात दोन शब्द बोलणाऱ्यालाही आधार मिळतो.

पदकांची नावे लिहिताना रकाना १३ समोर ठेवावा आणि त्यात नसलेले पदक घरगुती आठवणीच्या भरवशावर लिहू नये. पैसा, मालमत्ता किंवा अन्य ठोस लाभ मिळवण्याच्या हेतूने ठरावीक पदके मिळाल्याचा खोटा दावा स्वतःविषयी करणे हा २०१३ च्या स्टोलन व्हॅलर ॲक्टनुसार गुन्हा आहे. नातवाच्या भाबड्या चुकीवर तो कायदा चालवला जाणार नाही. पण चुकीचे पदक फलकावर छापले गेले आणि जुन्या सहकाऱ्याने ते पाहिले, तर ओशाळे व्हावे लागते ते आजोबांना. पदक खरोखर मिळाले होते पण नोंदीत राहिले असेल, तर आधी नोंद दुरुस्त करून घ्यावी. दुरुस्ती डीडी २१५ या फॉर्मवर येते, आणि मग तो फॉर्म अर्जाला जोडता येतो.

छायाचित्र चौकटीतून बाहेर काढून स्कॅन करावे. काचेवरून मोबाइलने काढलेल्या चित्रात खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येतो. जुन्या स्लाइड किंवा निगेटिव्हवरून प्रत काढली असेल तर ती उलटी आली नाही ना, हे पाहावे. त्याची खूण सोपी आहे : पदकांच्या रंगीत फिती गणवेशावर डाव्या छातीवर लावतात, म्हणून चित्र पाहणाऱ्याला त्या उजवीकडे दिसल्या पाहिजेत.

अर्ज पाठवल्यानंतर

पोहोच मिळाल्याचा ईमेल व अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा. गोधडी स्वयंसेवक शिवतात आणि विमानातील जागा मोजक्या असतात, त्यामुळे काही महिने थांबावे लागणे नेहमीचेच आहे. मधल्या काळात पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक बदलला, प्रकृती ढासळली किंवा एखाद्या दुर्धर आजाराचे निदान झाले, तर ते वाट न पाहता लेखी कळवावे, कारण अशा अर्जाचा क्रम वर घेतला जाऊ शकतो आणि कळवल्याशिवाय तो घेतला जात नाही. नामनिर्देशित व्यक्तीचे निधन झाल्यास तेही कळवून अर्ज मागे घ्यावा, आणि डीडी २१४ ची प्रत हाताशी असतानाच राष्ट्राध्यक्षांच्या स्मृतिपत्राचा अर्ज करावा. अंत्यविधी राष्ट्रीय दफनभूमीत झाला असेल तर जवळच्या नातेवाइकाला ते न मागताच पाठवले जाते आणि फक्त जादा प्रतींसाठी अर्ज करावा लागतो.