जाड रंग बाजूने पाहा

जहांगीर आर्ट गॅलरीत बहुतेक जण चित्रासमोर बरोबर मध्यावर उभे राहतात, मोबाइलने फोटो काढतात आणि पुढे सरकतात. जाड रंगातल्या तैलचित्रासाठी माझ्या मते ही सगळ्यांत वाया गेलेली जागा. दोन पावलं बाजूला व्हा, तिरकं पाहा. उंचवट्यांवरची चमक तुमच्याबरोबर सरकू लागते, खाचांतल्या सावल्या उठून दिसतात. फोटोत ही चमक जागीच गोठलेली असते.

तैलरंग जोर लावला की वाहतो, जोर काढला की तिथेच थांबतो. श्रीखंडात चमच्याने ओढलेली रेघ टिकते, तसंच. म्हणून ब्रशचे केस, पॅलेट नाइफची, म्हणजे रंग लावायच्या लवचीक पात्याची, धार, हात कुठे झपकन फिरला आणि कुठे रेंगाळला, सगळं रंगात उरतं. पातं उचललं तिथे बारीकशी शेंडी राहते. बहुधा ती वाकलेली असते त्याच बाजूला हात निघून गेलेला असतो. चित्रातला राग किंवा सुस्ती आपल्याला जाणवते, त्यात या खुणांचा मोठा वाटा असतो.

उरलेलं काम प्रकाश करतो. अपवर्तनांक म्हणजे एखाद्या पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो, त्याचं माप. रंगातल्या जवसाच्या तेलाचा तो सुमारे १.४८, तर टायटॅनियम व्हाइटचा २.५ च्याही वर. एवढ्या फरकामुळे पांढरा रंग प्रकाश वरच्यावर परतवतो आणि ठोस दिसतो. अल्ट्रामरीन निळ्याचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, म्हणजे तेलाच्या अगदी जवळ. त्याच्या पातळ थरातून प्रकाश आत शिरतो, खालच्या रंगावर आपटून परततो. निळ्याला खोली येते ती अशी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत, खरवडत. त्यांच्या चित्रांतला आतून आल्यासारखा उजेड मला जाड रंगाच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त धरून ठेवतो.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. सुरुवातीला तर वजन वाढतं. हे वरून आत होत जातं, त्यामुळे जाड थरावर आधी साय धरते आणि कधी सुरकुत्या पडतात. आपण ज्या सुरकुत्यांना चित्रकाराची प्रतिभा म्हणतो, त्यांतल्या काही निव्वळ रसायनाच्या असतात!

आतला रंग मात्र महिनोन् महिने मऊ राहतो. नवं जाड चित्र विकत घेतलंत, तर त्याच्या पृष्ठभागावर बबल रॅप घट्ट गुंडाळू देऊ नका. फुग्यांचे गोल ठसे रंगात कायमचे उमटू शकतात.